दादा घरी आला, वाद चालूच

वेंगुर्ले, शनिवार संध्याकाळ

आखातातल्या लढाईत अडकलेलं दादाचं जहाज सुटलं आणि तो आज सुखरूप घरी आला! आई बांगडे तळतेय, तळतेच आहे. जेवताना त्या लढाईवरून बाबा म्हणाले, "त्यांनी मारल्यानी, मगे ह्यांनी मारूक नको?"

मी नागरिकशास्त्र शिकवते, गप्प कशी बसणार? म्हटलं, हल्ला थोपवायला मारणं कायद्यात बसतं, सूड उगवायला नाही. पण हद्द कुठे?

दादा म्हणाला, "डेकवरसून दोनय बाजूची क्षेपणास्त्रां दिसत होती. खंयचां पयलां नि खंयचां जबाबाचां, कायच कळाक नाय."

मी मात्र पुन्हा कायद्यावर घसरले. तेवढ्यात अर्धा बांगडा हातात धरूनच दादा घोरू लागला.

बाबा लेकाकडे बोट दाखवत कुजबुजले, "हळू गो, झील निजलो."

आम्ही तिघं तोंड दाबून हसत सुटलो.