सातव्या फळीचा आवाज

गुरुवार, संध्याकाळ

जुन्या पेठेच्या सुशोभीकरणाची टिंगल करणारा माझा लेख तयार आहे. शेवट तर झकास जमलाय: 'खांब आले, कुंड्या आल्या, आता माणसं कुठून मागवणार?' उद्या छापायला द्यायचा. आणि आज ही पंचाईत!

पेठेतलं मल्लप्पाकाकांचं कापडाचं दुकान कित्येक वर्षं बंद. जागा विकायचं त्यांनी जवळजवळ ठरवलेलंच. आज सुशोभीकरणाच्या कामावरल्या मिस्त्रीनं पत्रा काढून दाराच्या जुन्या सात फळ्या घासूनपुसून बसवल्या. म्हणजे सहाच, सातवी बसेना. तो ती तासायला निघाला, तेवढ्यात काका ओट्यावर चढले.

"आरं थांब! खाचंचं तोंड डावीकडं हाय. उजवीकडनं भरत यायचं असतंय. सरक!"

ऐंशीच्या घरातल्या माणसानं सगळ्या फळ्या काढून पुन्हा सरकवल्या. सातवी बसली. खट्ट! मी चक्क टाळ्या वाजवल्या. मी!

काका फळीवर हात ठेवून उभे. मग म्हणाले, "न्हाय विकत आता. काय लेखक, उद्या बोहनी तुमची."

खट्ट. अजून कानात आहे.

लेख फाडला. सदऱ्याला कापड किती लागतं, हिला विचारायला हवं.