दाराशी भरून ठेवलेली पिशवी

जुळे सोलापूर, ४ मार्च

चि. चंद्रिकेस अण्णाकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीतलं तुझं पत्र काकूनं इतक्यांदा वाचून घेतलं की घडीवरची शाई गेली. तू बनवतेस त्या यंत्रानं क्ष-किरणांच्या केसासारख्या बारीक पट्ट्या करायच्या, मधे जागा सोडायची. कॅन्सरची गाठ मरते आणि सोडलेली निरोगी कातडी शेजारची जखम भरून काढते. जन्मभर संस्कृत शिकवूनही मला हे असं सांगता आलं नसतं. तुझी काकू रत्नम्मा मात्र भवानी पेठेत माहेरी मागाच्या ताण्यावर बोट फिरवून सगळ्यांना समजावून आली. यंत्र एका खोलीत मावतं म्हटल्यावर शेजारच्या निंगव्वानं विचारलं, दळण पण होतं का त्यात.

आता मुद्द्याचं. उगाच काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं. काकूच्या गालात तसलीच गाठ निघाली आहे. डॉक्टर डिसेंबरातच इस्पितळातल्या नेहमीच्या किरणांचा शेक सुरू करू म्हणत होते. ही म्हणाली, आपल्या चंद्रिकेचं यंत्र होतंय की, तोंड भाजून घ्यायची लई घाई कशाला? अस्मादिकांनी मान डोलावली. दोन इरकली लुगडी आणि तुझ्यासाठी शेंगाचटणी, अशी पिशवी दाराशी तयार आहे. बंगळूरला कधी निघावं, तेवढं कळव.

कृपा आमची, उत्तर तुझं.
अण्णाकाका

बंगळूर, ९ मार्च

ती. अण्णाकाकांस चंद्रिकेचा शि. सा. न. वि. वि.

काल पत्र वाचून फोनवर ओरडले, त्याची क्षमा असावी. यंत्र अजून टेबलावर उघडंच आहे. एवढ्याशा जागेत इतके तीव्र किरण काढायचे, तर इलेक्ट्रॉन ज्या चकतीवर आदळतात ती उष्णतेनं तडकते. अजून उंदरांपर्यंतही पोचलो नाही. माणसांना कित्येक वर्षं लागतील. चकती दिवाळीतही तडकत होती, काका. ते मी लिहिलं नाही. तुम्हाला आवडेल तेवढंच लिहिलं.

साधा शेक चांगला असतो. तोंड भाजेल, पण ते भरून येतं. आता एक दिवसही थांबू नका.

तुमचीच,
चंद्रिका

जुळे सोलापूर, ३० मार्च

चि. चंद्रिकेस आशीर्वाद.

फोनच्या दुसऱ्याच दिवशी नेलं. गाठ जबड्यात आणि मानेत उतरली आहे. डिसेंबरात बरं करण्याची भाषा बोलणारे डॉक्टर आता दुखणं कमी करण्याची बोलतात. शेक चालू आहे. अर्थ कळल्याशिवाय मान डोलावू नका, असं वर्गात मुलांना बजावत आलो. घरी मीच डोलावली. तू स्वतःला दोष देऊ नकोस. ते काम इथे मी पूर्णवेळ करतो, त्यात वाटेकरी नको.

काकूला बोलवत नाही, पण खुणेनं भांडता येतं. तिचा निरोप असा की सुट्टी मिळेल तेव्हा ये, यंत्र मात्र अर्धवट सोडू नकोस. आणि पुढच्या खेपेला चकती तडकते तेही लिहायचं; आमच्यासारखी माणसं लगेच पिशवी भरतात.

पिशवीतली चटणी खवट झाली होती. नवी मी कुटली, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं नुसता वास घेतला आणि लसूण कमी असल्याची खूण केली. तशीच पाठवतो आहे. गोड मानून घे.

लुगडी कपाटात ठेवायला गेलो, तर तिनं हात धरला. पिशवी अजून दाराशीच आहे.

माया आहेच, रागही राहू दे.
अण्णाकाका