आईचा माउस सरळ करू नकोस

मोल्दिर पोरी,

मी आईच्या कबरीवर जाऊन येतो. तिच्या नावाचे शुक्रवारचे सात शेलपेक, त्या तळलेल्या पोळ्या, करून झाकून ठेवलेत, गरम आहेत तोवर शेजारी वाटून ये. दोन जरा करपलेत, ते माझ्यासाठी ठेव.

काल तू म्हणालीस, "बाबा, हा गेमिंग माउस उलटा चालतोय. टर्मिनलमध्ये एक कमांड मारते, लगेच सरळ होईल!" मारू नकोस. तुझ्या डावखुऱ्या आईनेच तशी कमांड मारून त्याची बटणं उलटी केली होती.

माझं बोट रोज चुकतं आणि रोज मी ओरडतो, "रौशन, तुझं सगळं उलटंच!" तू सोमवारी अल्माटीला गेलीस की मोठ्याने बोलायला मला तेवढंच निमित्त उरतं.

बाबा