क्रेन एका दिवशी दोन जागी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. भाऊजींना नमस्कार.

आज पाणी उशिरा आलं, त्यामुळे घरातून निघायलाच उशीर झाला. ऑफिस केलं, येताना साबण आणला, जेवले. तुमचं पत्र दाराखालून आत सरकवलेलं होतं. मी फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहावं लागलं, असं म्हणालात. खरं आहे. मला फोनवर नीट बोलता येत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना फार चढू देऊ नका.

ह्यांनी तुमच्या क्रेनच्या बुकिंगसाठी केलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यायला त्या कंपनीनं एवढी रक्कम का सांगितली, असं तुम्ही विचारलंय. "धाकटा हसतखेळत करायचा ते काम हे लुटारू सोन्याच्या भावानं करतात," असं लिहिलंत. आणि मी संध्याकाळी ह्यांच्या शेजारी बसून सगळं तपासायचे, तेव्हा मीच जाऊन त्यांना सांगावं की काम किरकोळ आहे, असंही.

मी तपासायचे हे बरोबर. खोट्या ऑर्डरी भरायच्या, मुद्दाम चुका करायच्या, कुठे अडकतं ते ह्यांना सांगायचं. म्हणूनच सांगते, काम किरकोळ नाही.

सुरुवातीला ह्यांनी तुम्हाला एकच प्रश्न तीनतीनदा विचारला होता. एक क्रेन एका दिवशी दोन ठिकाणी जाते का? मी तिथेच होते. तुम्ही म्हणालात, "अरे, क्रेन आहे ती, टॅक्सी आहे का? एक दिवस, एक साइट. डोळे मिटून बांध." ह्यांनी तसं बांधलं. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, भाडं, सगळं त्या एका उत्तरावर उभं राहिलं. मग काम चालू झाल्यावर, तुमच्या माणसांना त्याची सवय झाल्यावर तुमचा फोन आला, की दुपारून ती कधीकधी दुसरीकडे जाते. "एवढं काय त्यात? एक ओळ वाढव."

त्या दिवशी हे मला म्हणाले, "तळमजल्याचे खांब हलवायचेत, आणि वरचे भाडेकरू म्हणतात आम्हाला उठवू नकोस." आणि हसले. मग बसले कामाला.

खर्च अशानं वाढतो, भाऊजी. स्क्रीनवर बटण एकच दिसतं, पण त्याच्या खाली काय काय उलटंपालटं करावं लागेल ते मोजायचं असतं. तुमच्या जुन्या नोंदीत एकच ड्रायव्हर तीन स्पेलिंगनं आहे. तो एकच माणूस आहे, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. तुम्हाला हवं होतं की क्रेन किती तास चालली ते मीटरवरून आपोआप यावं, आणि ते मीटर बनवणारे त्यांची माहिती सहज देत नाहीत. सगळं लवकर पाहिजे म्हणालात, तर माणसं जास्त लागतात, आणि नव्या माणसांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. ह्यांच्याकडे माणसं नव्हती. तुम्हाला लवकर पाहिजे असायचं तेव्हा हे झोपायचे नाहीत. ते कुठल्या बिलात आलं नाही, म्हणून तुम्हाला ते काम स्वस्त वाटत राहिलं.

आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे, ज्यानं बांधलं तो माणूस राहिला नाही. त्यानं कुठे काय आणि का केलं, हे आता परक्यानं एकेक ओळ वाचून शोधायचं.

कामामुळे गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. ते फक्त हृदय म्हणाले.

दवाखान्यात बाकावर तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. खांद्यावर हात ठेवलात. ह्यांना अजून आमच्या ताब्यात दिलं नव्हतं. मला वाटलं, भाऊ आहेत, आता रडतील. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय त्यानं? सकाळी गाड्या निघायच्यात." मी सांगितला. गाड्या खरंच निघायच्या होत्या, त्यात खोटं काही नव्हतं.

आता जे सांगायला हवं ते सांगते. माझं कसं चाललंय हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगायचं राहून गेलं. गेल्या महिन्यापासून मी नोकरी करते. त्याच कंपनीत, तपासणीच्या कामाला. तिथले साहेब ह्यांच्या जुन्या ऑफिसातले. भेटायला आले होते, तेव्हा बोलता बोलता त्यांनी कामाला येता का म्हणून विचारलं.

तुम्ही ज्याला लूट म्हणता तो खर्चाचा अंदाज मी काढलाय. गिऱ्हाईक माझे दीर आहेत, हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुम्हाला अवघड वाटत असेल तर दुसऱ्या कुणाकडे देतो." मी म्हटलं, नको. मी एक दिवसही जास्तीचा लावलेला नाही. कमीही लावलेला नाही. शेवटी साहेब म्हणाले, "मित्राचं काम होतं ते. त्याच्या भावासाठी थोडं कमी करू या का?"

मी नको म्हणाले.

दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर जरूर जा. त्यांना सगळं पहिल्यापासून वाचावं लागेल, आणि मी त्यांच्याकडे नसेन. आमच्याकडे यायचं असेल तर सोमवारी या. तुमचं प्रत्येक उत्तर आधी लिहून घेतलं जाईल आणि पानापानावर तुमची सही लागेल. ह्यांनीही एकदा असा कागद आणला होता. "सख्ख्या भावाची सही घेतोस? मग अंगठाही घे की!" असं म्हणून तुम्ही सगळ्यांना हसवलं होतंत. हेही हसले होते. सोमवारी हसायला कुणी नसेल. मी समोर असेन आणि तोच प्रश्न मी तुम्हाला विचारेन. विचार करून उत्तर द्या. नंतर बदललंत तर त्याचे वेगळे पैसे पडतील.

वहिनींना यातलं काही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. तुम्हाला वाटेल की नाही, ते मला माहीत नाही.

कपड्यांचं मशीन थांबलंय. मोठी चादर आहे, ती पिळायला आणि झटकायला दोघं लागतात. मी एक टोक खिडकीच्या गजाला बांधते आणि दुसरं धरून मागे मागे जाते. आता तेवढं करते.

तुमच्या धाकट्याची
बायको