मागल्या गल्लीतलं घर आणि त्याचा बिअरचा हक्क

मी, रोझविटा त्सिंटल, वय चोपन्न, राहणार आयखलबाख, ओबरफाल्त्स, जर्मनी. डोकं ठिकाणावर आहे. पोटातल्या गाठीचं तसं नाही, म्हणून हे मृत्युपत्र आजच आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी उलटंच लिहिलं असतं.

१. त्सिंटल ब्रुअरीपैकी माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. ती मूळची मठाची; सरकारने मठ मोडला तेव्हा आमच्या पूर्वजाने ती लिलावात घेतली. पुढे जावयाकडे, जावयाच्या विधवेकडे, तिच्या दुसऱ्या नवऱ्याकडे, असं करत ती वडिलांपर्यंत आली. वडिलांनी ती माझ्या धाकट्या भावाला, लोरेंझला दिली, कारण तो मुलगा होता. त्याची दुसरी पात्रता मला अजून सापडलेली नाही. लोरेंझने ती कंपनीला विकली आणि कंपनीने बंद केली. आता आमच्या नावाची बिअर दूर कुठल्याशा कारखान्यात बनते. बाटलीवर आजोबांचं चित्र आहे. मिशी त्यांची नाही.

ब्रुअरीचं धुराडं पाडलं त्या दिवशी मी बटाटे सोलत होते. सोलून झाल्यावर उकडायला लावले.

२. मागल्या गल्लीतलं घर मात्र माझं. मुलीची समजूत काढायला वडिलांनी दिलेलं. गावाच्या सामाईक भट्टीत बिअर शिजवण्याचा हक्क या घराला आहे. तो माणसाचा नसतो, घराचा असतो. ब्रुअरी विकताना लोरेंझ हे विसरला, आणि कंपनीच्या वकिलांना ते माहीतच नव्हतं. दारावर लाकडी चांदणी टांगली की गाव समजतं, बिअर तयार झाली, आत जायचं. संपली की चांदणी उतरते. कंपनीला हे घर विकत घेऊन ती बाराही महिने टांगून ठेवायची आहे.

लोरेंझ माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "रोझे, सही करून टाक गं. तुला आता काय करायचंय घराचं?"

"मरायचंय त्यात. जागा लागते."

३. हे घर, हक्कासकट, लोरेंझची बायको वाल्बुर्गा हिला. तिच्या एकटीला. मी तिला विचारलं होतं, "नवरा विकायच्या मागे लागला तर?"

"लागू दे. लग्नापासून कशा ना कशाच्या मागे असतोच."

वर्षातून एकदा तरी तिने भट्टी पेटवावी. पहिली खेप बिघडली तर डुकरांना घालावी, गवगवा करू नये.

४. लोरेंझला वडिलांचे रबरी बूट. त्याला ते मोठे होतात.

५. दफनानंतरच्या जेवणात कंपनीची बिअर नको. पाणी चालेल. गाव कुरकुरेल, मला ऐकू येणार नाही.

स्वतःच्या हाताने लिहिलं तर इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, गावाला लागतात. म्हणून क्सावर खाटकाबरोबर लोरेंझलाच बोलावलं. त्याने खिडकीशी उभं राहून सगळं वाचलं.

"वाल्बुर्गा मला हे कधीच विकू देणार नाही," तो म्हणाला.

"नाही देणार."

धुराडं होतं त्या रिकाम्या जागेकडे त्याने खिडकीतून पाहिलं. मग त्याने पेन मागितलं.

आयखलबाख, १४ ऑक्टोबर २०१९

(सही) रोझविटा त्सिंटल

साक्षीदार:
(सही) क्सावर डोब्मायर, खाटीक
(सही) लोरेंझ त्सिंटल, भाऊ