डाव्या कानाची खाच

गारखेडा, औरंगाबाद
दि. ९ डिसेंबर २०१२

चि. मल्हारी यास,

बानाआक्काचा आशीर्वाद. आम्ही सगळे इकडं धडधाकट हाओत. तू, तुझी बायको, लेकरं आन् मेंढरं बरी असतील. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. मी दुसरी शिकले, तू चौथी, तवा चुका काढू नकोस. तुझ्या सुनेकडून वाचून घेऊ नकोस. सोताच वाच, दिवस गेला तरी चालंल.

थंडी लई पडली. तुझ्या भाच्याला, बद्रीनाथला, हापिसात बढती मिळाली, पोटाला तर आधीच मिळाली होती. माझ्या सुनेचे गुडघे गेले. माझे शाबूत हायत, त्याचा तिला राग हाय.

नात सरू आठ वर्षांची झाली. तू तिला पाळण्यात बघितली, त्यानंतर नाय. तिनं कुत्र्याचं पिल्लू पाहिजे म्हणून दिवाळीच्या आधीपासून डोकं खाल्लं. बद्रीनाथ म्हणाला, पैठणला मल्हारीमामाकडून आणू, त्याच्यासारखी कुत्री जिल्ह्यात कुणाकडं नायत. मी म्हणाले, नको. शहरात शिक्क्याची, कागदाची कुत्री मिळतात, तीच आणू. मग म्हणाला, आई, तुला कुत्र्यातलं कळतं, तूच पारखून घे.

पडेगावला एक माणूस पिल्लं इकतो. फरशी पुसलेली, भिंतीवर कुत्र्यांचे फोटो, आम्हाला थंड पाणी दिलं. टोपलीत चार पिल्लं होती. मी इचारलं, "यांची आई कुठंय?" म्हणाला, मळ्यावर ठेवली हाय, इथं तिला गर्मी होते. आता ऐन थंडीत कुत्रीला कसली गर्मी होते, तूच सांग.

बा पिल्लू कसं द्यायचा, आठव. मागायला आलेल्या माणसाला कुत्रीच्या म्होरं बसवून भाकर खायला लावायचा. ती गुरगुरली, तर माणूस पाटील असला तरी रिकाम्या हातानं जायचा. आईनं बघितल्याबिगर पिल्लू हलायचं नाय. हे मी तुझ्याआधी शिकले. आन् मी त्या थंड पाण्याचा गिलास हातात धरून गप्प बसले. आई दाखव म्हणून अडून बसले असते, तर बद्रीनाथनं गाडी तिथूनच पैठणला वळवली असती.

पिल्लाचं पोट ढोलावाणी होतं आन् डोळे चिकट. मला दिसत होतं. सरूनं इचारलं, "आजी, हे चांगलं हाय ना?" मी म्हणाले, हाय.

सहाव्या दिवशी गेलं. रक्ताची हगवण. डाक्तर म्हणाला, रोग तिथूनच घेऊन आलंय, कागदावरची सुई टोचलेलीच नाय, आन् लई लवकर आईपासून तोडलंय. सरू रडली नाय. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू तर हाय म्हणाली होतीस." तवापासून ती माझ्या ताटाला ताट लावून बसत नाय.

आठ दिवसांनी मी देवळात जाते म्हणून एकटीच रिक्षानं पडेगावला गेले. तो माणूस घरी नव्हता, त्याची म्हातारी होती. मी म्हणाले, पिल्लाची आई बघायचीय. तिनं हाताशी धरून घराच्या मागं नेलं. मळा नव्हता, बिळा नव्हता. पत्र्याखाली पिंजरा, त्यात एक कुत्री. आपल्या मेंढरामागची असतात तसली, उंच हाडाची. सड जमिनीला लागलेले, कमरंत बळ नाय. वरनं शिक्क्याचा कुत्रा लावायचा आन् पिल्लं जातिवंत म्हणून इकायची, असा त्याचा कारभार. म्हातारी म्हणाली, "आता पोटी धरंना ती. न्यायची तर ने बाई, पोरगं उद्या सोडूनच देनार हाय."

माझ्या पिशवीत भाकर होती. तिच्याम्होरं बसले आन् एक घास खाल्ला. ती गुरगुरली नाय. गुरगुरायला लागतं तेवढं बी तिच्यात उरलं नव्हतं.

रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, ये तो रस्ते में मर जाइंगी." रस्त्यात नाय मेली. आमच्या बिल्डिंगखाली जिन्याच्या कोपऱ्यात पोत्यावर चार दिवस काढले. सून नाक धरून वर-खाली करायची. सरू लांबूनच बघायची. मंगळवारी सकाळी संपली. मागच्या मोकळ्या प्लाटात बद्रीनाथनं खड्डा केला.

खड्ड्यात ठेवायच्या आधी मी तिचं तोंड पुसलं. डावा कान गोचिडांनी आन् जखमांनी अर्धा खाल्लेला. उरलेल्या अर्ध्याच्या कडंला एक जुनी खाच होती, कात्रीनं मारल्यावाणी. बा आपल्या कळपातल्या पिल्लाच्या डाव्या कानाला खाच मारायचा, मादीला दोन. दुसरी असंल, तर ती गेलेल्या अर्ध्यात गेली. मला सांगता येत नाय.

सात वर्षं झाली. या घराची वास्तुशांत होती. बद्रीनाथचे साहेब, सुनेच्या माहेरचे, सगळे खुर्च्यांवर बसलेले. तू घोंगडीत पिल्लू गुंडाळून आलास. मादी होती, दोन खाचांची. बहिणीच्या नव्या घराला बाच्या वंशातलं पिल्लू द्यायचं, ही आपली रीत. आन् मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "इथं माणसं राहतात, हे मेंढरांचं वाडगं नाय. घेऊन जा." तू पाणी बी न पिता जिना उतरलास.

परत आलेलं पिल्लू कळपात घ्यायचं नाय, वाटंत भेटंल त्याला देऊन टाकायचं, ही बी रीत आपलीच. आन् त्या साली तुझी मेंढरं दौलताबादच्या अंगाला बसली होती. जाताना पडेगाव लागतं. त्या म्हातारीला मी इचारलं, कुत्री कुठून आणली. म्हणाली, आली तवा पिल्लूच होती, कुणी दिली ध्यानात नाय.

सरूसाठी दुसरं पिल्लू मागायला हे पत्र लिहिलं नाय. या घरात आता पिल्लू येनार नाय. माफी बी मागत नाय, तेवढ्यानं काय व्हनार. फक्त ते पिल्लू कुणाला दिलंस, तेवढं एका कार्डावर लिही. दुसऱ्या कुठल्या गावात दिलं असंल, तर गावाचं नाव टाक.

पडेगावात दिलं असंल, तर काही लिहू नकोस. सात वर्षं गप्प बसलास, तसाच बस. मला कळंल.

जिच्या दारातून तू तहानेला माघारी गेलास ती,
बाना