देवापुढे वितळलेलं मीठ

फरीदाबाद, गुरुवार, संध्याकाळ

मीनूची प्रयोगाची बाटली मी देवापुढे ठेवली आणि सगळं बिघडवून बसले. आत बोरॉनच्या मिठाचे खडे होते, तिनं कित्येक आठवडे जपून वाढवलेले. उद्या ते दिल्लीला तपासायला न्यायचे होते, त्यावर तिची पीएचडी अडलीय. म्हटलं, आधी महाराजांचा आशीर्वाद घ्यावा. तेवढ्यात लाइट गेली, सोसायटीचा जनरेटरही चालेना, म्हणून समई जवळ ओढली. मग पाहते तर खडे कुठले, नुसतं पाणी! मीठ असं वितळतं का कधी? आपलं तर तापल्या तव्यावरही वितळत नाही.

"अगं आई, हे एवढ्याशा उबेनं वितळतं. तेच तर माझं काम आहे यार!" मीनू हसली, पण बाटली हातातून सोडेना.

"गार झालं की परत खडे होतील ना गं?"

"गोळा होईल. तसे खडे नाही."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं सरांना फोन लावला. "सर, सँपल खराब हो गया. मुझसे ही गलती हुई."

मी शेजारीच उभी होते.